रक्त कमी म्हणजे नेमकं काय कमी?

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागली. बाळंतपणात एवढ्या बायका का दगावतात, याचा शोध घ्यायचा होता. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये तिला एक वेगळाच पंडुरोग दिसला. चेहरा पांढराफटक, दोन पावलं चाललं की धाप. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात, हे तेव्हाही माहीत होतं. इथे उलटंच होतं. म्हणजे लोहाच्या औषधाने भागणार नव्हतं.

विल्सबाईंनी आधी जंतुसंसर्गाचा संशय तपासून बाजूला सारला. मग त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. कोणत्या वस्तीतली बाई काय खाते, भाजी किती, फळ किती, दूध मिळतं का, याच्या नोंदी घेतल्या. ज्यांच्या जेवणात या तिन्ही गोष्टी जवळजवळ नव्हत्या, त्यांच्यातच हा आजार जास्त होता. तसाच आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि माकडांना दिला, तर त्यांचंही रक्त उतरलं. मग एक एक पदार्थ देऊन पाहणं सुरू झालं. मरणाच्या दारात पोचलेल्या एका माकडाला मार्माइट दिलं आणि ते सावरलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. चव अशी की पहिल्यांदा खाणारा सहसा दुसरा घास घेत नाही. पण तो स्वस्त होता आणि दुकानात मिळत होता. गरोदर बायकांना तो दिल्यावर थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे काम छापून आलं.

मार्माइटमधला तो गुणकारी घटक काय, हे विल्सबाईंना तेव्हा सांगता येत नव्हतं. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक कुटून त्यातून तो वेगळा काढला आणि तो फोलिक ॲसिड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूने तो कारखान्यात बनवून दाखवला. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमावरमचे. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी पडते, तिच्यात लोहाबरोबर हेच फोलिक ॲसिड असतं.

ही गोष्ट इतक्या लांबून सांगायचं कारण असं की पूरक गोळ्यांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, घरचं साधं जेवण जेवा, गोळ्या हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. दुसऱ्या पक्षाच्या कपाटात सहा-सात डबे असतात: मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा, कोलॅजन, केसांसाठी बायोटिन आणि हल्ली कसल्या कसल्या गमीज. परळमध्ये जे घडलं ते या दोन्ही पक्षांच्या सोयीचं नाही. तिथे आधी रक्त पाहिलं, मग ताट पाहिलं, त्यातली नेमकी उणीव शोधली आणि मग ती भरून काढली. उणीव ताटात होती आणि औषध बरणीत होतं. क्रम मात्र बदलला नाही.

क्रम बदलला की काय होतं, हे लवकरच दिसलं. पंडुरोगाचा आणखी एक प्रकार होता. त्यातही पेशी मोठ्याच, पण सोबत हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. आणि शेवट मृत्यू. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी अशा रोग्यांना रोज पाव किलोच्या आसपास काळीज खायला घालून वाचवलं. पुढे मायनॉट, मर्फी आणि व्हिपल या तिघांना नोबेल मिळालं. फोलिक ॲसिड हाताशी आल्यावर डॉक्टरांनी साहजिकच ते या रोग्यांनाही दिलं. रक्त झपाट्याने सुधारलं. चेहऱ्यावर रंग आला, अहवाल चांगले आले. आणि काहींच्या बाबतीत मज्जातंतूंची हानी मात्र तशीच पुढे सरकत राहिली, उलट वाढली. कारण त्यांच्यात कमी होतं ते फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचंच अन्नातलं रूप, नव्हतंच. ते होतं बी-१२. काळजात लपलेलं हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळं काढता आलं आणि त्याची रचना १९५६ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी उलगडली.

फोलेट आणि बी-१२ यांचं नातं थोडं समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याकडचा सगळा घोळ याच गाठीत आहे. नवी रक्तपेशी तयार होण्यासाठी आधी डीएनएची नक्कल निघावी लागते. त्या कामाला फोलेट लागतं. फोलेट नसेल तर पेशी वाढत राहते, पण तिचे दोन भाग होत नाहीत. म्हणून त्या मोठ्या, बोजड पेशी. पण शरीरातलं बरंचसं फोलेट अशा रूपात असतं की बी-१२ने त्याला मोकळं केल्याशिवाय ते कामाला येत नाही. बी-१२ नसलं की फोलेट असून नसल्यासारखं. गोळीतलं फोलिक ॲसिड मात्र वेगळ्या वाटेने आत शिरतं आणि हा अडथळा टाळतं. त्यामुळे रक्त सुधारतं. मज्जातंतूंचं आवरण राखायला बी-१२च लागतं; तिथे फोलिक ॲसिडचा काही उपयोग नाही. म्हणजे धोक्याची घंटा बंद होते आणि आत आग चालू राहते.

आता महाराष्ट्राच्या ताटाकडे येऊ. बी-१२ कोणतंही झाड बनवत नाही आणि कोणताही प्राणी बनवत नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटात असे जिवाणू असतात. तिथून ते दुधात आणि मांसात येतं. मासळीत भरपूर असतं, अंड्यात थोडं. भाजी, डाळ, भाकरी, शेंगदाणे यांत शून्य. इडली-ढोकळ्यासारख्या आंबवलेल्या पदार्थांतून मिळतं असं पुष्कळ लोक ठासून सांगतात, पण त्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला न चालणारं रसायन असतं. मग शाकाहारी माणसाला उरलं दूध-दही-ताक. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं आणि दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. ‘आमच्याकडे दूध असतं की रोज’ म्हणणाऱ्या घरात ते बहुधा चहापुरतं असतं. दोन कप चहात मिळून शंभर मिली. पातळ ताकाचा पेला हा मुख्यतः पाण्याचा पेला असतो, हेही इथे नोंदवून ठेवावं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाच्या मागे जवळजवळ सगळी कारकीर्द घातली. त्यांच्या चमूने पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ४४१ पैकी सुमारे ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं. सर्वांत वाईट स्थिती कोणाची असावी? झोपडपट्टीतल्यांची नव्हे, खेड्यातल्यांचीही नव्हे. शहरी मध्यमवर्गीयांची: ८१ टक्के. पोटभर जेवणारे, बऱ्यापैकी पगाराचे, बरेचसे शाकाहारी लोक. याच चमूने तरुण शाकाहारींना रोज भरपूर दूध देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं बी-१२ वाढलं. म्हणजे ताटातून उणीव भरणं अशक्य नाही. फक्त दूध चहाच्या कपातून बाहेर काढून पेल्यात ओतावं लागतं.

‘आम्ही खातो की मटण’ म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. बी-१२ शोषलं जाण्याची व्यवस्था विचित्र आहे. जठरातून एक प्रथिन स्रवतं, ते बी-१२ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं आणि तिथे ठरावीक जागांमधूनच ते आत घेतलं जातं. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅम आत गेलं की जागा संपल्या. एसटीच्या छोट्या गाडीत जेवढी माणसं बसतील तेवढी बसतात, बाकीची थांब्यावरच राहतात; पुढची गाडी काही तासांनी. म्हणून रविवारी एकदाच ताटभर मटण खाल्लं तरी त्यातलं बरंचसं बी-१२ वायाच जातं. त्यातून श्रावण, चातुर्मास, संकष्टी, गुरुवार, शनिवार वजा केले तर आपल्याकडचा कित्येक ‘मांसाहारी’ माणूस वर्षाचे बहुतेक दिवस शाकाहारीच असतो. कोकणातलं माणूस या बाबतीत सुखी. रोज थोडं बांगड्याचं तिखलं, नाही तर सुक्या जवळ्याची चटणी. थोडं थोडं आणि रोज, हेच या जीवनसत्त्वाला मानवतं.

गोळीवर १५०० मायक्रोग्रॅम असा आकडा वाचून लोक दचकतात. गरज दोन-अडीचची आणि गोळी दीड हजारांची? याचंही कारण तेच. त्या नेहमीच्या वाटेने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम जातं. उरलेल्यातलं सुमारे एक टक्का आतड्यातून आपसूक पाझरतं. दीड हजाराचा एक टक्का म्हणजे पंधरा. एवढं रोज मिळालं की ज्याच्या जठरातून ते प्रथिनच स्रवत नाही अशा वयस्कर माणसालाही सहसा पुरतं. ज्याचं जठर ठणठणीत आहे आणि फक्त आहारातून कमी पडतंय, त्याला त्याहून फार लहान मात्रा रोज मिळाली तरी चालते.

‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हे याज्ञिकांचं दुसरं काम १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालं. गरोदर बायका, मग त्यांची बाळं, मग ती बाळं मोठी होत गेली तसा त्यांचा पाठपुरावा. २००१ मध्ये त्यातून एक गोष्ट पुढे आली. आईने एकूण उष्मांक किती खाल्ले, प्रथिनं किती खाल्ली, याचा बाळाच्या वजनाशी म्हणावा तसा संबंध दिसेना. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. विल्सबाईंनी गिरणगावात ज्या तीन गोष्टी नाहीत म्हणून टिपल्या होत्या, नेमक्या त्याच. २००८ मध्ये पुढचा धक्का. या आयांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींचं बी-१२ गरोदरपणात कमी होतं, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचं चांगलं. पालेभाजी आणि सरकारी गोळी दोन्हीकडून ते मिळत होतं. ज्या आयांचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट. यावरून फोलिक ॲसिड वाईट, असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. १९९१ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केलं आहे की ज्या घरात आधी पाठीच्या कण्याचा जन्मदोष असलेलं मूल झालं आहे, तिथे गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. बाळाची मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्याअखेर मिटते, तेव्हा बहुतेक बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. गोळी हवीच. प्रश्न एवढाच की जोडीचं दुसरं जीवनसत्त्व शिल्लक आहे का, हे कोणी पाहिलं का?

पुण्याच्या चमूने पुढे ‘प्रिया’ नावाची चाचणी केली. त्याच खेड्यांतली, आता वयात आलेली मुलं-मुली घेऊन त्यांना लग्नाआधीपासूनच रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं. एवढ्याशा मात्रेनेही रक्तातली पातळी सुधारली. बी-१२ घेतलेल्या मुलींना पुढे झालेली मुलं आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत सरस दिसली. तपासलेल्या मुलांची संख्या लहान होती, तेव्हा फार टाळ्या वाजवायला नकोत. पण दीड हजार आणि दोन यांतला फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गोळीऐवजी अन्नच पूरक म्हणून देता येईल का? मुंबईत २००६ पासून याचा एक सुंदर प्रयोग झाला, ‘सारस’ नावाने. शहरातल्या झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या साडेसहा हजार बायका त्यात सहभागी झाल्या. अर्ध्या जणींना रोज एक खाऊ मिळायचा. त्यात पालेभाजी, फळ आणि दूध घातलेलं. बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारखा कमी पोषणाचा खाऊ. सुरुवात गरोदर राहण्याच्या आधीपासून. बाळांच्या सरासरी वजनात एकूण गटात फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सुमारे ४८ ग्रॅमनी वाढलं. ४८ ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पण गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला आणि हे मुळीच किरकोळ नाही. मला या प्रयोगातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आधीपासून फारच हडकुळ्या असलेल्या बायकांच्या बाळांना वजनाचा फायदा दिसला नाही. ज्या जरा भरलेल्या होत्या त्यांच्या बाळांना दिसला. मुळात पोटच भरत नसेल तर सूक्ष्म घटकांची चैन शरीराला परवडत नाही. उपाशी माणसाला व्हिटॅमिनची गोळी देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांच्या आसपास. आपण लगेच म्हणतो, लोह कमी. बऱ्याच जणींच्या बाबतीत ते खरंच आहे. पाळी येणाऱ्या बाईची लोहाची गरज रोज २९ मिलिग्रॅम, पुरुषाची १९. पण २०१६ ते १८ दरम्यान मुलांच्या पोषणाची जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात कारणंही शोधली गेली. पौगंडावस्थेतल्या मुलामुलींच्या पंडुरोगात निव्वळ लोहाच्या कमतरतेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघाला आणि फोलेट किंवा बी-१२च्या कमतरतेचा पाव हिश्श्याच्या आसपास. काहींत दोन्ही. बाकीचे आणखी वेगळे. सगळ्यांना एकच गोळी देऊन आकडा खाली का येत नाही, त्याचं थोडंफार उत्तर इथे आहे.

लोहाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरात ज्ञान आणि अज्ञान शेजारी शेजारी नांदतं. पोह्यांवर लिंबू पिळणं, मटकीला मोड आणून उसळ करणं, जेवताना कोशिंबीर घेणं: या तिन्हींनी धान्य-कडधान्यातलं लोह अधिक शोषलं जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला विरघळत्या रूपात ठेवतं. मोड आले की लोहाला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. बिडाच्या तव्यावरून आणि लोखंडी कढईतून थोडं लोह अन्नात उतरतं, विशेषतः आंबट पदार्थात. तेच तवे आपण नॉनस्टिकच्या हौसेपायी माळ्यावर टाकले. आणि मग त्याच पोह्यांबरोबर उकळता चहा घेतो. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं, लिंबाने केलेलं काम पुसून टाकतं. चहा सोडायला कोणी सांगत नाही, फक्त जेवण-नाश्त्यानंतर तासभर थांबावं. गुळाचाही जरा हिशेब करून पाहावा. १०० ग्रॅम गुळात चार-पाच मिलिग्रॅम लोह धरलं तरी शेंगदाण्याबरोबर तोंडात टाकलेल्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही नसतं. गूळ गोड म्हणून खावा.

गरोदरपणातली लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते आणि रोज घ्यायची, किमान १८० दिवस. आशाताई ती घरपोच देतात आणि पुष्कळ घरांत ती फळीवरच्या डब्यात जमत राहते. कारणं खरी आहेत: मळमळ, पोटात जळजळ, शौच काळं होणं. काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ‘बाळ काळं होतं’ ही समजूत मात्र निव्वळ निराधार. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. थोडं कमी शोषलं जातं, पण डब्यात पडून राहण्यापेक्षा कितीतरी बरं. अलीकडे झ्युरिकच्या संशोधकांनी दाखवलं आहे की लोहाची एक मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते सुमारे दिवसभर पुढच्या लोहाला आतड्याच्या दाराशी रोखतं. म्हणून लोह कमी असलेल्या, गरोदर नसलेल्या बायकांना दिवसाआड गोळी दिली तर प्रत्येक गोळीतून जास्त लोह मिळतं. दिवसातून तीनदा गोळ्या देण्याची जुनी पद्धत म्हणजे निम्मा त्रास फुकटचा होता. गरोदर बाईने मात्र आपल्या मनाने दिवसाआड करू नये.

मेडिकलच्या काउंटरवरचा व्यवहार वेगळाच. ‘अशक्तपणा वाटतोय’ म्हटलं की बी-कॉम्प्लेक्सची पट्टी हातात येते. दुसऱ्या दिवशी लघवी गडद पिवळी झाली की घरातलं वडीलधारं माणूस ‘गरम पडलं’ म्हणून मोकळं होतं. तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, शरीराने नको म्हणून परत पाठवलेल्या बी-२चा. नुकसान पैशांपुरतंच. ‘शक्तीचं इंजेक्शन’ ही आणखी एक संस्था. बी-१२च्या रेणूत कोबाल्ट असल्यामुळे त्याचा रंग लालबुंद असतो आणि सिरिंजमध्ये ते रक्तासारखं दिसतं. त्यावर लोकांचा जो विश्वास बसतो तो कोणत्याही जाहिरातीने बसला नसता. ज्याचं बी-१२ खरोखर कमी आहे त्याला त्याने जीवदान मिळतं. पण तपासणी न करता दोन-चार इंजेक्शनं टोचून घेतली की मग रक्ताचा अहवाल भरपूर बी-१२ दाखवतो आणि मूळ दुखणं काय होतं ते कळायचा मार्ग बंद होतो. आधी तपासणी, मग सुई.

चरबीत विरघळून साठणारी जीवनसत्त्वं जास्त झाली तर मात्र शरीर ती लघवीवाटे सहज टाकत नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, तीही काही आठवडेच घ्यायची असते. ती दुधात घालून रोज घेणारी माणसं असतात; रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडांची हानी होऊन रुग्णालयात पोचतात. चांगल्या गोष्टीची जादा मात्रा चांगलीच असणार, या समजुतीला सर्वांत मोठा दणका फिनलंडमध्ये बसला. तिथे २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजरातलं बीटा-कॅरोटिन खाणाऱ्यांत फुप्फुसांचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यातल्या काहींना ते गोळीतून दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. गाजर खाणारा माणूस गाजरातले शेकडो घटक खातो, आणि बहुधा सिगारेटही कमी ओढतो. गोळीत एकच घटक असतो, तोही पटींनी.

मग पूरक गोळी खरोखर कोणाला लागते? गरोदर राहू पाहणारी आणि गरोदर बाई. दूधही न घेणारे पूर्ण शाकाहारी. त्यांना बी-१२ आयुष्यभर. साठीच्या पुढची माणसं, ज्यांच्या जठरातलं आम्ल कमी होत जातं. घराबाहेर क्वचित पडणारी किंवा अंगभर झाकून वावरणारी माणसं, ज्यांना ड कमी पडतं. दुपारच्या उन्हात त्वचा उघडी असेल तरच ते तयार होतं, काचेआडून येणाऱ्या उन्हात नाही. आणि एक मोठा गट ज्याची चर्चा फारशी होत नाही: मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, तसंच पित्तासाठी रोज सकाळी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल घेणारे. या दोन्ही प्रकारच्या औषधांनी बी-१२ हळूहळू घटतं. यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असल्यामुळे लगेच काही जाणवत नाही. मग पायांना मुंग्या येऊ लागतात आणि ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून त्या सोडून दिल्या जातात. महाराष्ट्रात घराघरांत मधुमेह आहे. शाकाहार आणि मेटफॉर्मिन ही जोडी कितीजणांकडे असेल, याचा प्रत्येकाने आपल्या घरापुरता विचार केला तरी पुष्कळ झालं. अशा माणसाने डॉक्टरांकडून अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावं.

शेवटी गोळ्यांच्या वेळांचं थोडं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात; गरोदरपणात दोन्ही दिली जातात, तेव्हा एक सकाळी आणि दुसरी रात्री. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर नको, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर. ड जीवनसत्त्व तेल-तुपाबरोबर चांगलं शोषलं जातं, म्हणून जेवणानंतर. बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगावं, कारण थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. आणि थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवावं. उठल्या उठल्या सगळ्या गोळ्या एकाच घोटासरशी उरकून टाकायची सवय असते ना अनेकांना, ती नेमकी इथे नडते.